परतीची वाळू

उज्जैनच्या माणसाने समुद्रकिनाऱ्यावरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायची, हे कळल्यावर पहिलं हसू आमच्या घरातच झालं. क्षिप्रेचं पाणी चंबळेत जातं, चंबळेचं यमुनेत, यमुनेचं गंगेत. रामघाटावर सोडलेला दिवा बुडाला नाहीच, तर लागेल तो बंगालच्या उपसागराला. ज्या अरबी समुद्राच्या वाळूबद्दल हे पुस्तक आहे, त्याच्याशी आमच्या नदीचा काडीइतका संबंध नव्हता. २०१४ साली नर्मदेचं पाणी पंपांनी उचलून क्षिप्रेच्या उगमाशी सोडलं, आणि जे पाणी एरवी भरूचजवळ अरबी समुद्राला मिळालं असतं त्यातलं थोडं आता आमच्या घाटावरून उलट दिशेने, पूर्वेच्या समुद्राकडे जातं. पाणी आलं, पण नर्मदेची वाळू नळातून आली नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढे त्याचं काम पडणार आहे.

खरं सांगायचं तर उज्जैनला एके काळी समुद्र होता, फक्त तो बराच लांब होता. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या सफरींची माहिती लिहून ठेवली आहे. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात उज्जैन ‘ओझेने’ म्हणून येतं. इथून अकीक, मलमल आणि जाडंभरडं कापड भरूचच्या बंदरात उतरायचं आणि तिथून गलबतांत चढायचं. पण त्या खलाशाला मालापेक्षा जास्त धास्ती होती ती भरूचच्या तोंडाशी असलेल्या लांबट, अरुंद दांड्याची आणि तिथल्या भरतीची. पाणी कसं एकाएकी भिंतीसारखं चढून येतं आणि उभी गलबतं कशी आडवी करतं, याचं वर्णन त्याने भ्यालेल्या माणसासारखं केलं आहे. म्हणजे आमच्या मालाचं नशीब दोन हजार वर्षांपूर्वीही किनाऱ्यावरच्या उथळाच्या हातात होतं. उज्जैनचं कोकणाशी नातं मात्र त्यानंतरचं. महाकाळाचं आजचं देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी, आणि ते घराणं मूळ कोकणाकडचं. त्यांच्या मागे-पुढे जी मराठी घरं माळव्यात आली त्यातलंच आमचं एक. कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर. त्यामुळे समुद्र आमच्या वाट्याला यायचा तो तीन-चार वर्षांतून एकदा, मे महिन्यात, अभिषेकाच्या निमित्ताने.

मे महिन्यात. चूक तिथेच होती. माळव्यातल्या, नागपूरच्या, इंदूरच्या, पुण्याच्याही बहुतेक मराठी माणसांनी कोकणचा किनारा पाहिलेला असतो तो दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत. सुरूच्या झाडांतून बाहेर आलं की समोर पांढरट वाळूचं रुंद मैदान, पाय पोळतात म्हणून धावत जायचं, मग ओल्या वाळूत किल्ले. माझ्या डोक्यात साठ वर्षं हाच किनारा होता आणि तो कायमचाच तसा असतो अशी समजूत होती. जसा रामघाट. घाट पुरात बुडतो, देवळांच्या कळसापर्यंत पाणी चढतं, ओसरलं की पायऱ्यांवर चिखलाचा थर राहतो, तो धुऊन काढला की खाली तोच दगड, त्याच जागी. किनाराही असाच असेल, पाण्याखाली जाऊन पुन्हा वर येणारा, असं मी धरून चाललो होतो.

या पुस्तकाची लेखिका माझी भाची. तिने मला दोन वर्षांपूर्वी श्रावणात गुहागरला नेलं. मी नको म्हणत होतो. पावसात कोकणात काय बघायचं? सुरूबनातून बाहेर पडलो आणि पाऊल टाकायला जमीनच सापडेना. बनाच्या कडेला कमरेइतका उभा कडा कोसळलेला, त्यातून मुळ्या लोंबत होत्या, आणि कड्याच्या पायथ्याशी वाळू होती ती काळपट, ओली, डांबरी रस्त्यासारखी घट्ट आणि सपाट. ज्या जागी आम्ही चटया टाकून पोहे खाल्ले होते ती जागा हवेत होती. मला वाटलं, संपलं. शेजारच्या आगरातले एक वयस्क गृहस्थ नारळ गोळा करत होते. मी हळहळ व्यक्त केली तेव्हा ते पाठ सरळ न करताच म्हणाले, “वाळू कुठे जात्ये? समोर पाण्याखाली बसल्ये. दिवाळी होऊ दे, येईल.”

हे पुस्तक म्हणजे त्या तीन वाक्यांचा विस्तार आहे. आणि ती तीन वाक्यं हल्ली पूर्वीइतकी खात्रीने बोलता येत नाहीत, याची कैफियतही.

वाळू जाते कशी आणि येते कशी, हे पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात आकृत्यांसह आलं आहे. मी ते माझ्या शब्दांत सांगून टाकतो, कारण मला स्वतःला ते समजायला दोन पावसाळे लागले. लाट किनाऱ्यावर चढताना वाळू वर आणते, उतरताना खाली नेते. सारा हिशेब या दोन खेपांमधल्या फरकाचा. कार्तिकातली लाट ठेंगणी आणि सावकाश असते. एक येऊन गेल्यावर दुसरी यायला अवकाश असतो. वर आलेलं पाणी कोरड्या वाळूत मुरतं, परतणारा ओघ दुबळा पडतो आणि आणलेली वाळू तो उचलू शकत नाही. आषाढातली लाट उंच, उभी आणि घाईची. एकीचं पाणी उतरायच्या आत दुसरी अंगावर येते. त्यात पावसाने आणि उधाणाने पुळण आधीच पाण्याने गच्च. मुरायला जागा नाही. मग वर चढलेलं सगळं पाणी वाळूला घेऊनच माघारी धावतं.

ही वाळू मात्र फार लांब जात नाही. लाटा जिथे फुटतात, म्हणजे किनाऱ्यासमोर थोड्या अंतरावर, तिथे पाण्याखाली तिचा लांबट दांडा साठत जातो. हा दांडा वाढला की पुढच्या लाटा त्याच्यावरच फुटतात आणि पुळणीपर्यंत पोचतात त्या अर्धमेल्या होऊन. म्हणजे किनाऱ्याने स्वतःच्या अंगावरची वाळू काढून स्वतःपुढेच आडवी घातलेली असते. समुद्र शांत झाला की त्याच सावकाश लाटा तो दांडा थोडा थोडा ढकलत किनाऱ्याला आणून चिकटवतात. परतीचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. ही परतीची वाळू. दोघांचा हंगामही जवळपास एकच.

इथे एक तक्रार नोंदवून ठेवतो, लेखिकेची नाही, माझी. भूगोल शिकवताना मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आलो की किनाऱ्याचे दोन अवतार, उन्हाळी आणि हिवाळी. हिवाळ्यात तो झिजतो, उन्हाळ्यात भरतो. हे खरं आहे, पण कॅलिफोर्नियाचं. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकी शास्त्रज्ञांनी तिथले किनारे मोजले, तिथली वादळं हिवाळ्यात येतात, म्हणून ती नावं पडली आणि जगभरच्या क्रमिक पुस्तकांत शिरली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळा हा वाळू भरण्याचा काळ आहे. आपला किनारा पावसाळी आणि उघाडीचा. कुठल्या तरी परक्या ऋतूचा धडा मी उज्जैनच्या मुलांना तीस वर्षं पाठ करायला लावला, आणि समोर नळावर कोकणातून आलेला माझाच आतेभाऊ हात धूत असायचा, त्याला कधी विचारलं नाही.

‘वेळ’ या शब्दाकडे लेखिकेने माझं लक्ष वेधलं. संस्कृतात वेला म्हणजे मर्यादा, समुद्राचा काठ, भरती आणि काळ, हे सगळं एकाच शब्दात. मराठीत आपण त्यातला काळ तेवढा ठेवला, पण कोकणीत वेळ म्हणजे अजून किनारा, आणि वेळास, वेळणेश्वर या गावांच्या नावांत तोच शब्द ऐकू येतो. मला हे फार पटलं, कारण पुस्तकभर ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारते आहे: वादळ किती मोठं होतं हे सगळे सांगतात, पण ते कधी आलं?

तीन वादळं शेजारी ठेवून पाहू. ‘फयान’ आलं ११ नोव्हेंबर २००९ ला. कोकणात होड्या आणि माणसं गेली, ते दुःख मोठं आहे. इथे मी फक्त वाळूबद्दल बोलतो आहे. फयान गेल्यावर पुढे सहा-सात महिने समुद्र शांत होता. नेलेली वाळू परत आणायला किनाऱ्याला अख्खा हंगाम मिळाला. ‘निसर्ग’ आलं ३ जून २०२० ला, दुपारी, अलिबागच्या दक्षिणेला, ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्याने. दोन दिवसांवर वटपौर्णिमा होती, म्हणजे उधाण जवळ आलेलं. श्रीवर्धन, दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या ते सगळ्यांनी पाहिलं. पण पुळणीच्या दृष्टीने अधिक वाईट गोष्ट तारखेत होती. वादळ ओसरलं आणि त्याच आठवड्या-दोन आठवड्यांत पावसाळी समुद्र सुरू झाला. वादळाने उघड्या पाडलेल्या किनाऱ्यावर चार महिन्यांचा मार, मध्ये उसंत नाही. पुढच्या वर्षी ‘तौक्ते’ गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरीवरून वर सरकत १७ मे २०२१ च्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं. ते अक्षय्यतृतीया उलटल्यावर आलं, उधाण उतरणीला लागलं होतं, एवढाच त्यात दिलासा. पण पुन्हा तोच, पावसाळ्याच्या तोंडावरचा काळ. ज्या वेळी पुळण वर्षातली सगळ्यात भरलेली असते आणि पावसाळ्याला तोंड द्यायला सज्ज झालेली असते, नेमकं तेव्हा.

आमच्याकडे जिवाजी वेधशाळेत अजून दरवर्षी पंचांग निघतं. जयसिंहाने बांधलेल्या त्या भिंती आणि ते शंकू पाहायला लोक येतात आणि फोटो काढून जातात. माझ्या भाचीने एका संध्याकाळी तिथे बसून गेल्या पन्नास वर्षांतल्या वादळांच्या तारखांसमोर तिथ्या लिहून काढल्या. मला आधी तो भाबडेपणा वाटला. पण अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग हे कोळ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. आणि भरतीच्या माथ्यावर आलेली लाट पुळण ओलांडून आगरात शिरते, ओहोटीच्या वेळची तेवढीच लाट दांड्यावरच फुटून जाते. तिथी ही इथे श्रद्धेची गोष्ट नाही, पाण्याच्या उंचीची आहे. पुस्तकातलं हे कोष्टक माझ्या मते सर्वांत मोलाचं.

मोजमापाची तिची रीत सांगायलाच हवी. केनेथ एमरी नावाच्या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये सुचवलेली ही पद्धत आहे आणि तिला लागतात दोन सारख्या काठ्या, खुणा केलेल्या, आणि त्यांना जोडणारी ठरावीक लांबीची दोरी. एक माणूस बनाच्या कडेला, दुसरा समुद्राच्या बाजूला. वरच्याने खालच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणायचं आणि ती रेषा आपल्या काठीवर कुठे येते ते वाचायचं. झाला उतार. गवंड्याला पाणसळ लागते, इथे अख्खा समुद्रच पाणसळ. असं करत करत पाण्यापर्यंत जायचं. मी खालची काठी धरून उभा होतो, लाट पोटरीला लागत होती, आणि वरून हाक येत होती, “मामा, काठी सरळ धर, तू हलतोयस!” मी हलत नव्हतो. पायाखालची वाळू निघून चालली होती. वेधशाळेत दगड स्थिर असतो आणि सावली सरकते. इथे मोजायची वस्तूच पायाखालून सरकते, म्हणून पुन्हा पुन्हा मोजावं लागतं, वर्षातून एकदा मोजून काहीच कळत नाही.

ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या नॅराबीनच्या किनाऱ्यावर १९७६ पासून दर महिन्याला असं मोजमाप होत आलं आहे. जून २०१६ च्या वादळात तिथली पुळण काही ठिकाणी पन्नास मीटर मागे हटली आणि एका बंगल्याचा पोहण्याचा तलाव सुटून वाळूत येऊन पडला. जगभर ते छायाचित्र छापून आलं. पण तिथल्या लोकांच्या हाती चाळीस वर्षांच्या नोंदी होत्या, म्हणून हे नेहमीच्या येण्याजाण्यातलं किती आणि त्यापलीकडचं किती, हे त्यांना सांगता आलं. आपल्याकडे चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१६ च्या उपग्रहचित्रांवरून काढलेला निष्कर्ष वर्तमानपत्रांत येतो: देशाच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश झिजतो आहे, महाराष्ट्रात सुमारे एक चतुर्थांश. काम मोठं आहे आणि उपयोगी आहे. पण त्या आकड्यांवरून ‘अमुक गावाचा किनारा गेला’ अशी बातमी करणाऱ्याने एवढं तरी विचारावं की समोरचं छायाचित्र कोणत्या महिन्यातलं आहे.

परतीला किती दिवस लागतात, याचं एकच उत्तर नाही, आणि लेखिका ते देत नाही हे मला आवडलं. पाण्याखालचा दांडा काही दिवसांत, आठवड्यांत सरकायला लागतो. भरतीच्या रेषेवरचा सपाट कोरडा पट्टा, जिथे आपण बसतो, तो भरायला महिने जातात. आणि त्याच्याही मागे वाऱ्याने उडालेल्या वाळूच्या ज्या टेकड्या असतात, त्या वादळाने कापल्या तर वर्षं लागतात. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या बाजूला १९८३ च्या ‘ॲलिशिया’ वादळानंतर संशोधकांनी हे टप्पे वर्षानुवर्षं टिपले. समोरची वाळू लवकर आली, मागच्या टेकड्या आणि त्यावरची झाडोरी सावकाश. कारण टेकडी लाट बांधत नाही, वारा बांधतो, आणि वाऱ्याला वाळू आधी कोरडी मिळावी लागते, मग ती अडवणारं काहीतरी लागतं.

आपल्याकडे हे अडवण्याचं काम करते मर्यादवेल. जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची, वाळूवर लांबच लांब पसरणारी. समुद्राने इथवर यावं आणि थांबावं, अशी समजूत त्या नावात आहे. वेलीच्या पानांआड वाळू साठते, वेल तिच्यातून वर येते, पुन्हा साठते. हिला मागणी नाही, उत्पन्न नाही, म्हणून हिच्या जागी सुरू आला. सुरूबद्दल माझ्या मनात बालपणाची माया आहे. त्या सुईसारख्या पानांतून वारा वाजतो तसा दुसऱ्या कशातून वाजत नाही. तरी पुस्तकातला युक्तिवाद मला खोडता आला नाही. हे झाड बाहेरून आणून वाऱ्याला आडोसा म्हणून लावलं गेलं, पानांच्या गालिच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही, मुळं उथळ, आणि थेट पुळणीच्या तोंडावर लावलं की लाट मुळांखालची वाळू काढून घेते आणि झाड आडवं होतं. २०२० च्या जूनमध्ये ते शेकड्यांनी आडवे झालेले दिसले. मागे, गावाच्या बाजूला सुरू असू द्या; पुढची जागा वेलीची आहे.

कासवांना वाळूच्या परतीचं हे वेळापत्रक आपल्यापेक्षा बरं कळतं. ऑलिव्ह रिडले माद्या कोकणच्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंडी घालतात, म्हणजे पुळण परतू लागल्यावर. भरतीच्या रेषेच्या वर कोरडी, पोकळ वाळू नसेल तर घरटं खणायचं कुठे? वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली, त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ झाला. दरवर्षी घरटी मोजणारे ते लोक नकळत पुळणीचंही आरोग्य मोजत आले आहेत.

आता त्या ‘येईल’ या शब्दाच्या शंकेकडे. वाळू परत न येण्याच्या काही वाटा निसर्गाच्याच आहेत. फार मोठं वादळ ती इतकी खोल नेऊन टाकतं की शांत लाटेचा हात तिथवर पोचत नाही. किंवा उलट, वाळू पुळण ओलांडून मागच्या खाडीत, आगरात फेकली जाते. केळशीच्या खाडीच्या तोंडाशी वाळूची एक मोठी टेकडी आहे, तिचा अभ्यास डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी केला. तिच्या पोटात मध्ययुगीन वस्तीच्या खुणा सापडल्या आणि समुद्राच्या एखाद्या थोर उसळीने ती घातली असावी, असं मत त्यांनी मांडलं. समुद्राने टाकलेली ती वाळू समुद्राने अजून परत मागितलेली नाही.

आणि परतीच्या काही वाटा आपण बंद केलेल्या. गोव्यात कांदोळीला ६ जून २००० रोजी ‘रिव्हर प्रिन्सेस’ नावाचं खनिजवाहू जहाज वाळूत रुतलं आणि दशकाहून अधिक काळ तिथेच राहिलं. किनाऱ्याजवळ एक लोखंडी भिंत उभी राहावी तसं झालं: तिच्या आडोशाला वाळू साचली, शेजारच्या किनाऱ्याची झीज वाढली. एका जहाजाने लाटांची वाट वळवली तर एवढं, मग जिथे मैलभर दगड ओततात तिथे काय होत असेल? चेन्नईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदराच्या भिंती समुद्रात गेल्या आणि किनाऱ्याने उत्तरेकडे वाहणारी वाळू दक्षिणेला अडली. तिच्यातून मरीनाचं ते प्रचंड वाळवंट वाढलं, आणि बंदराच्या उत्तरेला रॉयपुरमचा किनारा खंगला. मरीनावर भेळ खाणाऱ्याला आपण कुणाच्या वाळूवर बसलो आहोत याची कल्पना नसते.

कोकणात गोष्ट जरा वेगळी आहे. इथली बहुतेक पुळण दोन डोंगरांच्या नाकांमध्ये ओंजळीत धरल्यासारखी असते. शेजारच्या गावाची वाळू सहसा इकडे येत नाही, इकडची तिकडे जात नाही. हे एका अर्थी बरं, आपली वाळू आपल्यासमोरच राहते. पण ओंजळीतून एकदा कमी झाली की भरून द्यायला फक्त नदी, आणि शंखशिंपल्यांचा चुरा. मिऱ्याला रत्नागिरीकरांनी समुद्राला अडवायला दगडी बंधारा घातला, दुरुस्त केला, पुन्हा घातला. बंधाऱ्यामागची घरं वाचतात, हे खोटं नाही, आणि ज्याचं घर जातंय त्याला वाळूचं तत्त्वज्ञान ऐकवायला मला तोंड नाही. पण दगडावर आपटलेली लाट फारसा जोर न गमावता परत फिरते आणि पायथ्याची वाळू खणून नेते, आणि बंधाऱ्याच्या मागे अडकलेली वाळू समुद्राला उसनी देता येत नाही. निसर्ग वादळाच्या दिवशी ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटत येऊन याच बंधाऱ्याला टेकलं आणि पुढे कित्येक वर्षं तिथेच गंजत राहिलं. देवबागची अवस्था तर आणखी नाजूक. एका बाजूला कर्ली नदीचं पाणी, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये चिंचोळ्या वाळूवर गाव. तिथे मागे हटायला जागाच नाही, त्यामुळे पुस्तकातली माझी सगळ्यात मोठी तक्रार या प्रकरणाबद्दल आहे. लेखिकेने देवबाग तीन पानांत उरकलं आहे. गावाने बंधारा मागितला की शास्त्रज्ञांनी मान हलवायची, एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. राहत्या माणसाला आजची रात्र काढायची असते. पुढच्या आवृत्तीत या प्रकरणाला तिने तीस पानं द्यावीत असं मी तिला सांगितलं आहे. ती रागावली आहे.

आणि नदी. आता ते सुरुवातीचं वाक्य. कोयनेचं पाणी, जे कृष्णेतून पूर्वेला जायचं, ते वीज करून पोफळीजवळ वाशिष्ठीत सोडलं जातं. म्हणजे गुहागरच्या उत्तरेला समुद्राला मिळणारी वाशिष्ठी अर्ध्या शतकाहून अधिक काळ दुसऱ्या खोऱ्याचं पाणी वाहते आहे. पाणी बोगद्यातून आलं; डोंगराची वाळू धरणाच्या तळाशी बसली. क्षिप्रेत नर्मदा आली ती अशीच, निव्वळ पाणी. आणि ज्या नद्यांच्या पात्रात अजून वाळू आहे, तिथे रात्री पंप लागतात, ट्रक भरतात. पुळणीवरून वाळू नेणं बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण खाडीतून उपसलेली वाळू हीदेखील पुळणीचीच होती, फक्त पोचायची होती, हे लक्षात येत नाही. आगरातल्या त्या गृहस्थांची खात्री पूर्ण वसुलीवर उभी होती: जेवढी गेली तेवढी आली. आता येताना थोडी कमी येते. एका वर्षात दिसत नाही. दहा वर्षांनी चटई टाकायची जागा एका हाताने आत सरकलेली असते.

त्यात अरबी समुद्राचा स्वभाव पालटतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या अभ्यासकांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन कालखंडांची तुलना केली, तेव्हा या समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. आणि मे-जूनमधली वादळं पुळणीला सगळ्यात महाग पडतात, हे आपण पाहिलंच. अशा वेळी किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. गावातल्या माणसाला घर वाढवता येत नव्हतं, ही अडचण खरी होती. पण या मोकळ्या झालेल्या दीडशे मीटरांत आधी घर उभं राहील की रिसॉर्ट, यावर भाचीने आणि मी पैज लावली आहे. दोघांनीही एकाच बाजूला लावल्यामुळे ती रद्द झाली.

पुस्तकाच्या शेवटी कोरी कोष्टकं दिली आहेत. तारीख, तिथी, भरतीची वेळ, काठ्यांमधलं अंतर, वाचन. कुलदैवताला जाणाऱ्यांनी जाताना दोन काठ्या न्याव्यात, आणि दरवेळी देवळासमोरच्या त्याच ठिकाणाहून सुरुवात करावी, एवढीच अपेक्षा आहे. आमच्या घरी त्या काठ्या सुताराकडून करून आणल्या आहेत. माळ्यावर आहेत, पाटा-वरवंट्याशेजारी. नातवाने त्यांवर लाल-पांढरे पट्टे ओढले आहेत. यंदाही आषाढाच्या अखेरीस आम्ही गुहागरला जाऊन पहिला रकाना भरून आलो. कडा गेल्या वेळेपेक्षा थोडा आत सरकलेला वाटला, पण वाटण्याला कोष्टकात रकाना नाही. आज नारळी पौर्णिमा. कोळी नारळ सोडतील. अभिषेकाची तारीख या वेळी मे महिन्यातली घेतलेली नाही, देवदिवाळीची घेतली आहे. दुसरा रकाना तेव्हा.

उज्जैन,
नारळी पौर्णिमा